अर्धापूरचा कडू घास

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

पोचले बाई एकदाची! लातूरहून नांदेडपर्यंत एसटीत शेजारच्या काकूंनी अख्खं लसणाचं गाठोडं माझ्या पायावर ठेवलं होतं. नांदेडहून पुढं अर्धापूरला येताना जीपमध्ये नऊ माणसं आणि एक शेळी. तरी मी हसतच उतरले. नोकरी मिळालीय, तीही माझ्या शिक्षणाची!

संस्थेचं केंद्र हायवेला लागून आहे. पूर्वी इथं केळी पिकवायचं गोदाम होतं. खाली रुग्णवाहिका उभी राहते, वर मला एक खोली दिलीय. खिडकीतून केळीची बाग दिसते, थेट कॅनॉलपर्यंत. भिंतींना अजून पिकल्या केळ्यांचा गोडसर वास येतो. मला आवडला.

माझं काम असं. रस्त्यावरची जखमी माणसं, मेलेली माणसं उचलणारे हे लोक. त्यांच्या नातेवाइकांना धरून बसणारे हे लोक. त्यांना स्वतःला झोप लागते का, जेवण जातं का, हे कुणी म्हणता कुणी विचारत नाही. ते विचारायला आणि त्यांचं मन सावरायला मला नेमलंय. समुपदेशक, अयोध्याताई!

माणसं तीनच. रामलिंग हा पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, झुपकेदार मिशा, गाव शिरूर अनंतपाळ. डॉक्टर वीरभद्र तिशीचा, गालात कायम गुटखा. आणि उमाबाई. ती मेलेल्यांच्या घरच्यांना ओळख पटवायला घेऊन जाते, भाजलेल्या पोरींपाशी शेवटपर्यंत बसते, आणि वर सगळ्यांचा स्वयंपाकही करते. आल्या आल्या तिनं मला भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा गरम सुशीला दिला. रामलिंग म्हणे, म्याडम, आमाला कसं वाटतंय ते इचारायला परत कुणीतरी आलंय, लई बरं वाटून राहिलं.

माझी ऋतू लातूरला आत्याबाईंपाशी, म्हणजे सासूबाईंपाशी आहे. पाच वर्षांची झाली तरी पोरगी माझ्याच हातानं जेवते. सासूबाईंनी भरवलं तर घास तासभर गालात धरून बसते. इथं बालवाडीचं जमलं की डिसेंबरात आणेन. फोनवर म्हणे, आई, घास कधी देणार? गलबलून आलं मला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज पहिला कॉल बघितला. म्हणजे ते परत आले ते बघितलं. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, पहाटेच्या धुक्यात मोटरसायकल आत घुसली. मी सतरंजी टाकून, श्वासाचे व्यायाम वगैरे तयार ठेवून बसले होते. कुणी सतरंजीकडं बघितलंसुद्धा नाही.

आपल्याकडं घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही. भाऊबंद पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना पहिला घास भरवतात. तो कडू घास. इथं उलटी रीत आहे. उमाबाईनं पिठलं-भाकरी केली. रामलिंगनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच घास मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला. उमाबाई म्हणे, ज्यानं उचललं त्यानं भरवायचं, जे घरी बसलं त्यानं खायचं, तवा उचलणाऱ्यानं घरात पाय ठेवायचा.

आता मी कशी आहे ते मला माहीत. नवऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी पीत नाही. लग्नात सोमेशला घास भरवला तेव्हा त्याचं बोट माझ्या ओठाला लागलं, तर मी रुमालानं पुसलं होतं. सगळा मांडव हसला होता. आणि इथं हा माणूस, नुकताच ते सगळं हाताळून आलेला! हात धुतले होते त्यानं, पण नखांच्या कडा काळ्या होत्या. शी! पण पहिल्याच परीक्षेत नापास व्हायचं का? डोळे मिटून तोंड उघडलं.

पिठलं जरा विळा चाटल्यासारखं लागलं. लोखंडी कढईतलं असेल. पण रामलिंगचा चेहरा बघायला हवा होता. पाठीवरचं पोतं उतरावं तसा मोकळा झाला. दुपारभर घोरत होता. माझे व्यायाम राहू द्या तिकडं, यांच्या रीतीतच औषध आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

मी ती रीत कार्यक्रमातच घालून टाकली. प्रत्येक कॉलनंतर घास, चुकवायचा नाही, तिघांनीही भरवायचा. भिंतीवर कागद चिकटवला मोठ्या अक्षरांत. वीरभद्रनं गुटखा सोडलाय! उमाबाई भाकरी थापताना गुणगुणते. लातूरच्या कार्यालयातल्या सरांनी फोन करून शाबासकी दिली, तिथंही सुरू करू म्हणाले. मी हवेत आहे.

एक घाण गोष्ट मात्र घडली. जेवताना तोंडात केस आला. ओढला तर येतच राहिला, घशाच्या आतून, पांढरा, हातभर लांब. उलटीच यायची बाकी होती. उमाबाईवर खेकसले, डोक्याला कपडा बांधून स्वयंपाक करत जा म्हणून. तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. तिचे केस बारीक कापलेले आहेत, बोटभर.

शनिवार, २३ नोव्हेंबर

काल रात्रभर उमाबाई एका नवीन नवरीपाशी बसली होती. भाजलेली. आज सकाळी ती पोरगी गेली. दुपारी उमाबाईनं उंबऱ्यातून मला तूप-भाताचा घास भरवला. ती भरवताना प्रेमानं बघते, आईसारखं, म्हणून मी नाही म्हणू शकत नाही.

भाताला रॉकेलचा वास होता. गिळल्यावर करपलेल्या केसांचा वास माझ्याच नाकातून बाहेर यायला लागला. मोरीत जाऊन ओकले. भात, पित्त, आणि त्यात हिरवं काहीतरी. काडीनं उचलून बघितलं. काचेच्या बांगडीचा वितळून गोळा झालेला तुकडा. मी काचेच्या बांगड्या घालत नाही.

दात चार वेळा घासले. वास जात नाही. भिंतीतल्या केळ्यांचा वासही आता मला सडकाच येतो.

बुधवार, २७ नोव्हेंबर

तीन दिवस विहिरीत पडलेला माणूस त्यांनी आज काढला. मला कुणी वर्णन सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. वीरभद्रनं पोळीचा घास तोंडात ठेवला आणि तो माझ्या जिभेवर फुगला. पाण्यात भिजलेलं, मऊ, निसटतं काहीतरी झालं त्याचं. थुंकावं म्हटलं तर वीरभद्रनं हसत माझ्या हनुवटीखाली तळवा धरला, लेकराला धरतात तसा. गेला खाली.

संध्याकाळी मी हिरवं पाणी ओकले. बादलीभर. त्यात शेवाळ होतं. एक इवला मासा मोरीत तडफडत होता, त्याला मी चपलेनं मारलं आणि मग मोरीच्या कडेला बसून रडले.

आणि ते तिघं खाली पत्ते खेळत होते. रामलिंगचा हसण्याचा आवाज वर येत होता. किती बरी झाली ही माणसं माझ्या येण्यानं! किळस आली मला त्या हसण्याची.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज नाही म्हणाले. साफ. भिंतीवरचा कागद फाडला.

रिक्षा उलटली होती, आत लेकरं होती. रामलिंग घरात आलाच नाही. उन्हात रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसून राहिला, हातात भाकरीचा तुकडा तसाच. दुपार टळली तरी उठला नाही. मग मीच खाली गेले. तो लहान पोरासारखा रडायला लागला. म्हणे, म्याडम, आज घरी जायचा वार हाय. हे असं घेऊन जाऊ कसं? नात धावत येती, आज्या भरव म्हणती.

मला तेव्हा कळलं नाही तो काय म्हणतोय. दया आली, झालं. घेतला घास. मूर्ख, मूर्ख बाई!

जिभेवर टणक लागलं. खडा म्हणून बोटानं काढला. दुधाचा दात होता. मुळाशी अजून ओला.

सोमवार, २ डिसेंबर

नांदेडला डॉक्टरांकडं जाऊन आले. घशातून दुर्बीण घातली, काही सापडलं नाही. म्हणाले, ताण आहे, कामातून सुट्टी घ्या. माझंच वाक्य मला ऐकवलं.

खरी गोष्ट बसमध्ये घडली. शेजारच्या बाईच्या मांडीवर तान्हं पोर होतं, नुकतं बसायला लागलेलं. मी खिडकीबाहेर बघत होते. वळले तर माझा उजवा हात त्या पोराच्या तोंडापाशी, पाचही बोटं जुळवलेली, बोटांत बिस्किटाचा तुकडा. मी बिस्किट कधी काढलं? ती बाई कौतुकानं म्हणे, भरवा की मावशी. पोरानं आ केला.

हात मागं येईना. डाव्या हातानं मनगट धरून ओढावा लागला. बिस्किट खिडकीबाहेर फेकलं. बाईला वाईट वाटलं असेल, वाटू दे.

नखांच्या कडा काळ्या झाल्यात. घासून जात नाहीत. रामलिंगची नखं मात्र आज स्वच्छ दिसली.

बुधवार, ४ डिसेंबर

माझ्याआधी इथं गुरम्मा नावाच्या बाई होत्या, देगलूरच्या. तब्येतीमुळं गेल्या एवढंच सांगितलं होतं. वीरभद्रकडून पत्ता काढला. हदगावला बहिणीच्या घरी असतात. आज गेले.

उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लुगड्याच्या चिंध्यांनी अंगाशी बांधलेला. बहीण चमच्यानं पेज पाजत होती, लांबूनच. मी अर्धापूरचं नाव काढलं तशी गुरम्मानं विचारलं, किती झाले? मला मोजायचं नव्हतं. मग तिनं सगळं सांगितलं, खाली बघत, हळू आवाजात.

उचलणाऱ्याच्या अंगाला जे लागतं ते घासातून उतरतं. खाणाऱ्याच्या पोटात साठतं. पोट भरलं की हात तोंड शोधायला लागतो. कुणाला भरवलं की सगळं एकदम त्याच्यात जातं, भरवणारा कोरा करकरीत. गुरम्मानं आपल्या बापाला खिचडीचा एक घास भरवला होता. मुद्दाम नाही, म्हातारा आजारी होता म्हणून. त्याच्या नाकातोंडातून विहिरीचं पाणी आलं, कोरड्या खाटेवर. केस लागतोय, काच लागतेय म्हणत चार दिवसांत गेला. आणि ती बरी झाली. छान भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. मग ते लोक घरी आले, केंद्रात परत चला म्हणाले, पुन्हा घास घेऊन. तिनं तोंड उघडलं नाही, पण थोडं पोटात राहिलं असेल या भीतीनं ती हात बांधूनच बसलीय.

लहान लेकरू असेल तर? मी विचारलं.

ती म्हणे, बापानं चार दिवस काढले, तो मोठा माणूस होता.

गुरुवार, ५ डिसेंबर

उमाबाईला धरलं आज. ती ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली. तिला लाज नाही वाटली, सगळं सांगत गेली. रामलिंगनं पहिल्या अपघातानंतर घरी जाऊन थोरल्या पोराला भरवलं होतं, नकळत. पोरगं गेलं. तेव्हापासून त्याची बायको त्याच्याशी बोलत नाही. म्हणून बाहेरचं माणूस लागतं, म्हणे. शिकलेलं, ज्याला आमचं ऐकून घ्यायचा पगार मिळतो असं. आमाला बी लेकरं हायती म्याडम.

आणि मला? मला नाही लेकरू?

तिनं वर बघितलं. तशीच प्रेमानं. म्हणे, हाय की. म्हणूनच तर ह्या डावाला लवकर होईल. रिकामं झाल्याबिगर नवं मावत न्हाई.

तिच्या अंगावर थुंकले मी. थुंकीत माती होती.

रविवार, ८ डिसेंबर

नोकरी सोडली. सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणे, तुमच्या कामाचे आकडे एवढे चांगले आहेत, असं का?

पण जाऊ कुठं? लातूरला घरी ऋतू आहे. बसमध्ये पोरं असतात. रस्त्यात पोरं असतात. खोलीला आतून कडी. कुणाच्या जवळ जायचं नाही, तेच बरं.

हात ओढणीनं अंगाशी बांधलाय. डाव्यानं लिहितेय, अक्षर घाणेरडं येतंय. भात डाव्यानं खाते. प्रत्येक घासात केस. आता ओढून काढत नाही, गिळते.

मंगळवार, १० डिसेंबर

आत्याबाईंचा फोन. ऋतू जेवत नाही. दूध सोडून काही पोटात नाही. आम्ही येतो म्हणाल्या. मी नको म्हटलं. ओरडले. येऊ नका, आणू नका तिला, मला लागणीचा रोग झालाय. त्या म्हणे, कसला रोग, नाव सांग. नाव काय सांगू?

म्हणे, कसली आई गं तू.

मागून ऋतूचा आवाज. आई, आ.

हात ओढणीत वळवळला. बोटं जुळली. मी बघितलं.

बुधवार, ११ डिसेंबर

सोमेशला पुण्याला फोन केला. आईला थांबव म्हटलं. तो म्हणे, तू थकलीयस, पोरीला बघशील तर बरी होशील. सगळ्यांना मी बरी व्हायला हवीय.

हात तोडायला विळा घेतला होता. उजव्या मनगटावर ठेवला. डाव्या हातात जोर नाही. नुसतं कातडं फाटलं. आतून रक्त नाही आलं— हिरवं पाणी, आणि वास— त्या विहिरीचा—

शुक्रवार, १३ डिसेंबर

खालून भाकरीचा वास. तिघं जेवतायत. उमाबाई दाराशी येऊन गेली. म्हणे, उद्या पावणे येनार, खोली झाडून ठिवू का?

तिनं फोन केला असणार. तिनंच बोलावलं.

दारापुढं कपाट ओढलंय.

शनिवार, १४ डिसेंबर

आल्या. रामलिंगनं खांदा लावून दार उघडलं. म्याडमची तब्येत लई बिघडली म्हणाला— आत्याबाई रडल्या, हात बघून. ओढणी सोडली त्यांनी. मी ओरडत होते. पोरीसमोर तमाशा नको म्हणाल्या. कोमट पाण्यानं धुतला माझा हात, साबणानं. पट्टी बांधली मनगटाला. बोटं मोकळी—

ऋतू वाळलीय. गालांची हाडं दिसतात. माझ्या मांडीवरून उठत नाही.

आत्याबाईंनी दहीभात कालवला. ताट पुढं ठेवलं. उमाबाई म्हणे, चला आजी, तुमाला केळीची बाग दावते, मायलेकीला जेवू द्या निवांत. गेल्या. दार बाहेरून— कडी वाजली—

डाव्या हातानं ऋतूला धरलंय, लांब, जमेल तेवढं. उजव्यात पेन. पेन आहे तोवर या हाताला घास धरता येत नाही. म्हणून लिहितेय. काहीही लिहीन. ऋतुजा सोमेश. ऋतुजा सोमेश. लातूर. त्या परत येईपर्यंत लिहायचं. बाग मोठी नाही. येतील—

चमच्यानं खा म्हटलं. चमचा नाही ताटात. तुझ्या हातानं खा गं राणी. नाही म्हणते. मान हलवते.

बोटं दुखतात. पेन घट्ट धरलंय. बोटं आपणच सुटतायत, एक एक करून— करंगळी सुटली— लिहितेय, लिहितेय—

आई, भूक लागली म्हणते.

किती दिवस नाही जेवली माझी— नको. नको बघूस माझ्याकडं. तोंड मिट ऋतू. मिट ना—

आ केलाय तिनं. समोरचा दात हलतोय तिचा, दुधाचा, मला माहीतच नव्हतं— पेन सोडणार नाही. सोडणार नाही. सोडणार ना